जुन्या व्हॅनचे ब्रेक : पाना उचलण्याआधी या चुका टाळा

मारुतीच्या ओम्नी व्हॅनचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. त्यामुळे चाळीसगावात माझ्या गॅरेजात येणारी प्रत्येक ओम्नी आता जुनीच, आणि बहुतेकींचा मीटर दोन लाखांच्या पुढे किंवा कधीचाच बंद पडलेला. ब्रेकची तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक मात्र नवे पॅड (डिस्कला दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) हातात घेऊनच उतरतं. पॅड स्वस्त, बदलायला सोपे, म्हणून दोष पॅडचा!

ही चूक मीही केलीय. मेहुणबाऱ्याकडचा एकजण लग्नसराईत वऱ्हाडाची ने-आण करायचा. "भाऊ, गाडी वढी ऱ्हायनी," म्हणजे एका बाजूला ओढतेय, एवढीच तक्रार. उजवं पुढचं चाक तापलेलं दिसलं, मी पॅड बदलले. चार दिवसांनी गाडी परत. कॅलिपरची, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाची, रबरी किट टाकली. आठवड्याने पुन्हा परत. तिसऱ्या वेळी मी स्वतः चालवायला बसलो, जे पहिल्याच दिवशी करायचं होतं. ब्रेक दाबला की गाडी आधी डावीकडे जाई आणि सोडला की उजवीकडे. जॅकवर घेऊन, खाली घोडी (लोखंडी टेकू) लावून ब्रेक दाबून सोडला, तर उजवं चाक हाताने फिरेना. कॅलिपरचं निप्पल (ऑईल-हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) अर्धा आटा सैल केलं. ब्रेक ऑईलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं! चाकाला ऑईल नेणारा रबरी होज पाइप कापून पाहिला. वरून नव्यासारखा, आतून रबर फुगून वाट बंद. ऑईल जायचं उशिरा आणि परत यायचं नावच नाही. पॅडचे आणि किटचे पैसे मी त्याला परत केले, जिवावर आलं तरी.

तेव्हापासून जाम चाकावर पहिला पाना निप्पललाच लागतो. निप्पल उघडूनही चाक सुटलं नाही, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना अडकल्यात. पुढची दोन्ही चाकं गाडी तापल्यावर जाम होत असतील, तर मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ऑईल ढकलणारा) बूस्टरवरचे (पायाचा जोर वाढवणारा डबा) नट थोडे ढिले करून बघा. चाकं सुटली तर मास्टर सिलिंडर ढकलणाऱ्या रॉडला प्ले, म्हणजे थोडी मोकळीक, नाही. तिथे चाकं उघडत बसणं म्हणजे म्हशीला सुई टोचून रेड्याचा ताप बघणं.

दुसरी चूक पोरांची, आणि तिने माझं डोकं फिरतं : ऑईलमध्ये शिरलेली हवा (एअर) काढताना पेडल जमिनीपर्यंत दणादण मारणं. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन थोडाच सरकतो. पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ साचलेला असतो. पेडल तळाला नेलं की पिस्टनचे रबरी वॉशर त्यावरून घासून फाटतात. सकाळी पेडल मऊ म्हणून आलेली गाडी संध्याकाळी बिनब्रेकची होते. मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो आणि सावकाश दाबायला लावतो. ज्याला घाई आहे त्याने चहा पिऊन यावं.

पेडल खाली जातं म्हणून लगेच एअर काढायला बसू नका. हँडब्रेक चार दात ओढून पेडल दाबा. वर आलं तर मागच्या ड्रममधल्या ब्रेक शूंचं ड्रमपासूनचं अंतर वाढलंय, ॲडजस्ट करा. दाबून धरल्यावर पेडल हळूहळू बुडत असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडर आतून गेलाय. दोन-तीन पंपांत पेडल कडक होत असेल आणि शूंचं अंतर बरोबर असेल, तेव्हाच एअर म्हणा.

पेडल दगडासारखं कडक? बूस्टर बघा. इंजिन बंद करून पाच-सहा वेळा दाबा, दाबून धरा, स्टार्ट करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे.

कन्नड घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही. इंजिन बंद असलं की बूस्टरमधला व्हॅक्यूम (जोर देणारी पोकळी) दोन-तीन दाबांत संपतो.

घाटाच्या पायथ्याशी पेडल मऊ आणि सकाळी ठीक असेल, तर ऑईल बदला. डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑईल ताजं असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पण पाणी शोषल्यावर ती मर्यादा 140 वर येते. आमच्याकडच्या मे महिन्यात तापलेली डिस्क तिथवर सहज नेते. बाटलीला झाकण नसलेलं जुनं ऑईल टॉप-अपला वापरू नका. इंजिन ऑईल तर चुकूनही नाही, सगळे वॉशर फुगतात.

मागच्या ड्रमवर आतल्या व्यासाचा जास्तीत जास्त चालणारा आकडा कोरलेला असतो. नवे लायनर (शूवरचा घासणारा थर) लावण्याआधी ड्रमचा व्यास मोजून त्या आकड्याशी ताडून बघा. धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.