पावसापूर्वी मोटरपंपाच्या पेटीत आरसीसीबी बसवून घ्यावी

पहिला पाऊस पडून जमीन ओली झाली की शेतातील वीजजोडणीची जुनी दुखणी वर येतात. उन्हात तडकलेले केबलचे आवरण, मागच्या हंगामात नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेला जोड किंवा स्टार्टरच्या पेटीत शिरलेला ओलावा यांतून वीज गळू लागते आणि पंपाच्या सांगाड्यात, लोखंडी पाइपात किंवा गोठ्याच्या खांबात उतरते. ओल्या मातीत अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने त्या लोखंडाला हात लावला, तर ती त्याच्या शरीरातून जमिनीत जाते. पेरणीची घाई सुरू होण्याआधी, जमीन कोरडी असतानाच आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून याचा बंदोबस्त करावा.

पेटीत फ्यूज किंवा एमसीबी (जादा प्रवाह वाहताच आपोआप पडणारा स्विच) आहे म्हणजे माणूस सुरक्षित आहे, हा समज घातक आहे. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवते. माणसाला वाचवणे हे तिचे काम नाही. ओल्या शरीराचा रोध साधारण 1000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला त्यातून सुमारे 230 मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह वाहतो, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतसुद्धा नाही. माणसाला मात्र सुमारे 10 मिलिअँपिअरलाच स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडता येईनाशी होते, आणि 50 मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह एखादा सेकंद जरी छातीतून वाहिला, तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. नुसत्या अर्थिंगनेही भागत नाही. अर्थिंगचा रोध 20 ओहम असेल, तर फेज थेट सांगाड्याला लागली तरी जमिनीत जास्तीत जास्त 11.5 अँपिअर जातात. 16 अँपिअरची एमसीबी तशीच चालू राहते आणि सांगाड्यातही वीज राहते.

ही उणीव आरसीसीबी भरून काढते. तिच्या आत एक चुंबकीय कडे असते आणि त्यातून फेज व न्यूट्रल या दोन्ही वायरी जातात. जेवढा प्रवाह पंपाकडे गेला तेवढाच परत आला, तर दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना रद्द करतात. काही प्रवाह वाट सोडून जमिनीत गेला, तर हिशेब जुळत नाही, कड्यावरच्या बारीक वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि खटका पडून दोन्ही वायरींचा पुरवठा तुटतो. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने तेवढ्या गळतीला 0.3 सेकंदात आणि 150 मिलिअँपिअरला 0.04 सेकंदात पुरवठा तोडावा, असे तिचे मानक आहे. तिच्यामुळे शॉकचा जोर कमी होत नाही, फक्त अवधी कमी होतो. झटका बसतोच, पण हृदयावर परिणाम होण्याइतका वेळ त्याला मिळत नाही.

अर्थिंग नसले तरी आरसीसीबी काम करते, पण तेवढ्यावरून अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नये. अर्थिंग असेल तर सांगाड्यात वीज उतरताच खटका पडतो. नसेल तर कोणीतरी हात लावेपर्यंत तो पडत नाही, आणि गळती ओळखण्याचे काम त्या माणसाच्या शरीराला करावे लागते.

माणसाच्या संरक्षणासाठी 30 मिलिअँपिअरचीच आरसीसीबी घ्यावी. 300 मिलिअँपिअरची आगीपासून संरक्षण देते, स्पर्शापासून नाही. लांब केबलमध्ये थोडी नैसर्गिक गळती असते, म्हणून सर्व पंपांना मिळून एक न लावता प्रत्येकाला स्वतंत्र लावावी. तीन फेजच्या मोटरला चार पोलची लागते. तिथे न्यूट्रल नसेल तर चाचणीचे बटण चालण्यासाठी वायरी कशा जोडायच्या, हे आरसीसीबीसोबत आलेल्या आकृतीत पाहावे. आरसीसीबीत जादा भारापासून संरक्षण नसते, त्यामुळे एमसीबी तिच्या जोडीला हवीच. सौरपंपाच्या किंवा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या गळतीत डीसी प्रवाह मिसळू शकतो आणि त्याने साधी, एसी प्रकारची आरसीसीबी आंधळी होते; तिथे ड्राइव्हच्या निर्मात्याने सांगितलेला प्रकार, बहुधा बी, वापरावा. गोठा विसरू नये. जनावराच्या पुढच्या व मागच्या खुरांत अंतर मोठे असते आणि हृदय नेमके त्या वाटेवर येते, म्हणून ओल्या जमिनीतील गळती अनेकदा माणसाच्या आधी जनावराचा बळी घेते.

पावसात आरसीसीबी वारंवार ट्रिप होऊ लागली की ती खराब आहे असे म्हणून काढून टाकली जाते किंवा थेट वायर जोडली जाते. पाणी देण्याची निकड समजण्यासारखी आहे, तरीही असे कधीही करू नये, कारण ती ट्रिप होते तेव्हा बहुधा खरोखरच कुठेतरी गळती असते. सर्व उपकरणे बंद करून एकेक चालू करावे. ज्यावर खटका पडेल, त्याचे केबल, जोड आणि मोटर तपासावी. आरसीसीबीच्या पुढे न्यूट्रल जमिनीला टेकला असेल, दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र केले असतील किंवा न्यूट्रलऐवजी अर्थिंगवर काम भागवले असेल, तरीही ती ट्रिप होते. ही तपासणी परवानाधारक वायरमनकडून, 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) करून घ्यावी; वायरिंगचा इन्सुलेशन रोध 1 मेगओहमपेक्षा कमी आला, तर दुरुस्तीशिवाय पुरवठा सुरू करू नये.

चाचणीचे बटण पावसाळ्यात महिन्यातून एकदा दाबावे. दाबूनही खटका पडला नाही, तर ती त्याच दिवशी बदलावी. बटणाने आतली यंत्रणा तपासली जाते, अर्थिंग नाही; ते वेगळे मोजावे लागते.

काही ठिकाणी आरसीसीबीचा उपयोग होत नाही. एका हातात फेज व दुसऱ्या हातात न्यूट्रल आला आणि पाय कोरड्या लाकडावर असले, तर जमिनीत काहीच गळत नाही आणि तिला काहीही कळत नाही. तिच्या अलीकडच्या भागातील दोष किंवा खांबावरून तुटून पडलेली तार तिच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून मेन स्विच बंद केल्याशिवाय पंप असलेल्या पाण्यात उतरू नये आणि कुंपणात घरगुती वीज कधीही सोडू नये. कोणाला शॉक लागून तो चिकटला असेल, तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच पाडावा, तो जवळ नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करावी, आणि श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिका बोलावून ती येईपर्यंत छातीवर दाब देत राहावे.