अमेरिकन ओपनचे पूर्वावलोकन कसे करावे: पुरुष एकेरीच्या दावेदारांची पारख

अमेरिकन ओपन टेनिस स्पर्धा तोंडावर आली की तिच्याविषयी जे लेख येऊ लागतात, त्यांतील बहुतेकांची सुरुवात नावांनी होते: अमुक अव्वल मानांकित, तमुक गतविजेता आणि त्यांच्या पाठोपाठ दोन-तीन छुपे रुस्तम. हा क्रम उलटा आहे. कोर्ट, हवामान, आधीच्या पाच-सहा आठवड्यांतील खेळ आणि ड्रॉ (कोणाची गाठ कोणाशी पडेल हे ठरवणारी सोडत) या गोष्टी तपासून झाल्या की नावे आपोआप वर येतात. नावे आधीच पक्की केली, तर पुढची सगळी माहिती त्या नावांच्या वकिलीसाठी वापरली जाते आणि विरुद्ध पुरावा समोर असूनही दिसत नाही.

पहिले काम कोर्ट समजून घेण्याचे आहे. न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोज येथे ही स्पर्धा १९७८ पासून हार्ड कोर्टवर खेळली जाते. त्याआधी ती फॉरेस्ट हिल्स येथे गवतावर आणि १९७५ ते १९७७ ही तीन वर्षे मातीवर झाली होती. जिमी कॉनर्सने या तिन्ही प्रकारच्या कोर्टवर तिचे जेतेपद मिळवले, आणि हा मान दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही. हार्ड कोर्ट म्हणजे एकच एक प्रकार, असे मात्र समजू नये. सिमेंट किंवा डांबराच्या पायावर अॅक्रिलिक रंगाचे थर देतात, आणि त्या रंगात किती व कशी वाळू मिसळली आहे यावर चेंडू कोर्टवरून किती वेगाने निघेल हे बऱ्याच अंशी ठरते. त्यामुळे मार्चमध्ये इंडियन वेल्सच्या संथ कोर्टवर मिळालेला विजय आणि ऑगस्टमध्ये सिनसिनाटीच्या वेगवान कोर्टवर मिळालेला विजय एकाच तागडीत तोलता येत नाहीत. न्यूयॉर्कसाठी दुसऱ्याला अधिक वजन द्यावे.

हवामानाकडे पूर्वावलोकन लिहिणारे सहसा एका वाक्यापुरतेच वळतात, हे मला पटत नाही. ऑगस्टच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये दिवसा कोर्ट तापलेले असते, चेंडू उसळतो आणि हवेतून झपाट्याने जातो. रात्री, विशेषतः दमट हवेत, तोच चेंडू जड होतो आणि एका फटक्यात गुण संपवणे अवघड जाते. २०१८ मध्ये रॉजर फेडरर चौथ्या फेरीत बिनमानांकित जॉन मिलमनकडून हरला, तो सामना या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. पहिला सेट फेडररने घेतला होता. मात्र रात्रीच्या त्या सत्रात उकाडा इतका होता की आपल्याला श्वास घेणेही कठीण जात होते, असे त्याने नंतर सांगितले. आर्थर अॅश स्टेडियमवर छत बसवल्यापासून तिथे हवा खेळती राहत नाही, याकडेही त्याने लक्ष वेधले. हे छत २०१६ पासून वापरात आहे. म्हणून सामन्यांचे वेळापत्रक जाहीर झाले की आपला दावेदार दुपारी खेळणार की रात्री, मोठ्या स्टेडियमवर की बाजूच्या उघड्या कोर्टवर, हे पाहिल्याशिवाय त्या फेरीविषयी काही लिहू नये.

यानंतर तयारीच्या स्पर्धा. विम्बल्डन संपल्यावर कॅनडातील आणि सिनसिनाटीतील मास्टर्स स्पर्धा (ग्रँड स्लॅमच्या खालोखाल दर्जाच्या) येतात, आणि त्यांचे निकाल हा सर्वांत ताजा पुरावा असतो. परंतु निकालांच्या यादीपेक्षा त्यामागचे कारण वाचायला शिकावे. २०२४ चे वर्ष यासाठी उत्तम धडा आहे. कार्लोस अल्कराझने त्या उन्हाळ्यात फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकले होते, त्यामुळे बहुतेकांनी त्याला पहिल्या दोन दावेदारांत धरले. मात्र विम्बल्डननंतर तो पॅरिस ऑलिम्पिकसाठी पुन्हा मातीवर गेला, तिथे अंतिम सामन्यात नोवाक जोकोविचकडून हरला, आणि सिनसिनाटीत गाएल मॉनफिल्सविरुद्धच्या पराभवात त्याने रॅकेट आपटून मोडली. एरवी शांत असणाऱ्या खेळाडूचे हे वागणे थकव्याची सूचना देणारे होते. न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्याच फेरीत, क्रमवारीत चौऱ्याहत्तराव्या असलेल्या बोटिक व्हॅन डी झँडशुल्पने त्याला ६-१, ७-५, ६-४ असे सरळ सेटमध्ये हरवले.

त्याच स्पर्धेत जोकोविचची गतही तशीच झाली. ऑलिम्पिक सुवर्णपदकानंतर त्याने हार्ड कोर्टवरची एकही स्पर्धा न खेळता थेट न्यूयॉर्क गाठले आणि तिसऱ्या फेरीत अॅलेक्सी पॉपिरिनकडून तो हरला. त्या एका सामन्यात त्याच्या हातून १४ दुहेरी चुका (दोन्ही सर्व्हिस चुकून गुण गमावणे) झाल्या. पॉपिरिनने काही दिवसांपूर्वीच माँट्रियलची मास्टर्स स्पर्धा जिंकली होती, म्हणजे हा निकाल धक्कादायक असला तरी निराधार नव्हता. मात्र यावरून “सराव स्पर्धा न खेळणारा लवकर हरतो” असा नियम करायला जाल, तर पुढचेच वर्ष आडवे येते. २०२५ मध्येही जोकोविच विम्बल्डननंतर एकही स्पर्धा खेळला नाही आणि तरीही उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. फरक कारणात होता. २०२४ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया, विम्बल्डनची अंतिम फेरी आणि कारकिर्दीत सर्वाधिक हव्याशा वाटणाऱ्या पदकाची धावपळ त्याच्या गाठीशी होती, तर २०२५ मधील अनुपस्थिती ही विश्रांतीसाठी ठरवून घेतलेली होती. म्हणून “खेळला नाही” एवढी नोंद पुरेशी नसते. का खेळला नाही, हे तिच्यापुढे लिहावे.

जिंकलेल्या स्पर्धेचीही अशीच झाडाझडती घ्यावी. २०२५ मध्ये बेन शेल्टनने टोरांटोची मास्टर्स स्पर्धा जिंकली, पण यानिक सिनर, अल्कराझ आणि जोकोविच तिघेही त्या स्पर्धेत नव्हते. सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात अल्कराझविरुद्ध ०-५ अशा पिछाडीवर असताना सिनरने आजारपणामुळे सामना सोडला. त्या निकालावरून दोघांच्या खेळाची तुलना करणे निरर्थक होते, आणि तीन आठवड्यांनी तेच दोघे न्यूयॉर्कच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले.

क्रमवारीबद्दल थोडेच सांगायचे आहे. ती बावन्न आठवड्यांच्या गुणांवर चालते आणि ग्रँड स्लॅम विजेत्याला, कोर्ट कोणतेही असो, २००० गुण मिळतात. त्यामुळे मातीवर कमावलेले गुण न्यूयॉर्कमध्ये मानांकनाच्या रूपाने दिसतात, खेळाच्या रूपाने दिसतीलच असे नाही. प्रत्येक दावेदाराचे गेल्या दोन वर्षांतील फक्त हार्ड कोर्टवरचे निकाल वेगळे काढले की हा गोंधळ मिटतो. “गुण वाचवण्याचे दडपण”, म्हणजे गेल्या वर्षी मिळवलेले गुण टिकवण्याचे ओझे, हा समालोचकांचा आवडता विषय मला फारसा उपयोगी वाटत नाही.

आता ड्रॉ, ज्यावर पूर्वावलोकनाचा अर्धा भार असतो. मुख्य फेरीत १२८ खेळाडू असतात: १०४ क्रमवारीवरून थेट, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या खास निमंत्रणावर. त्यांपैकी ३२ जणांना मानांकन मिळते. पहिला आणि दुसरा मानांकित ड्रॉच्या विरुद्ध टोकांना असतात, म्हणून ते केवळ अंतिम फेरीतच भेटू शकतात. तिसरा आणि चौथा चिठ्ठीने या दोघांच्या अर्ध्या भागांत विभागले जातात, आणि कोणाच्या वाट्याला कोण आला यावर पुष्कळ काही अवलंबून असते. दोन मानांकितांची गाठ तिसऱ्या फेरीआधी पडत नाही. त्या फेरीत पहिल्या आठांपैकी प्रत्येकासमोर २५ ते ३२ मधील मानांकित येऊ शकतो, आणि नवव्या ते सोळाव्यांसमोर १७ ते २४ मधील. पॉपिरिनला २०२४ मध्ये २८ वे मानांकन होते, जोकोविचला दुसरे. ड्रॉ निघाला त्याच दिवशी, कागदावर बोट ठेवून, ही तिसऱ्या फेरीतील संभाव्य लढत कोणालाही दाखवता आली असती.

ड्रॉ वाचण्याची पद्धत अशी ठेवावी. सोळा-सोळा खेळाडूंचे आठ गट करावेत आणि प्रत्येक गटात मानांकन नसलेली पण धोकादायक नावे शोधावीत: दुखापतीतून परतलेला माजी अव्वल खेळाडू, झपाट्याने वर येणारा तरुण, किंवा दिवस त्याचा असेल तर कोणालाही परतफेड करू न देणारा उंचापुरा सर्व्हर. मग दावेदाराच्या सात फेऱ्यांचा मार्ग लिहून त्यातील अवघड सामन्यांखाली रेघ ओढावी. सुरुवातीलाच दोन रेघा पडल्या असतील तर सावध व्हावे, कारण पाच सेटच्या सामन्यांचा शीण पुढच्या फेरीत उतरतो. तरी हाही नियम वयाप्रमाणे वाकतो. २०२२ मध्ये अल्कराझ चौथी फेरी, उपांत्यपूर्व आणि उपांत्य असे सलग तीन सामने पाच सेटपर्यंत खेळला. त्यांतील सिनरविरुद्धची लढत सव्वापाच तास चालून पहाटे २ वाजून ५० मिनिटांनी संपली, आणि तीत त्याने एक मॅच पॉइंटही वाचवला. तरीही अंतिम सामन्यात कॅस्पर रूडला हरवून तो १९ व्या वर्षी जेता आणि क्रमवारीत पहिला झाला. पस्तिशी ओलांडलेल्या खेळाडूकडून हे अपेक्षित धरता येणार नाही.

आकड्यांपैकी दोनच नीट पाहिले तरी पुरे: दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेल्या गुणांचे प्रमाण आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवर मिळवलेल्या गुणांचे प्रमाण. बिनतोड सर्व्हिसची संख्या डोळ्यांत भरते, पण दडपणाखाली पहिली सर्व्हिस चुकल्यावर खेळाडू काय करतो, यावर मोठे सामने फिरतात. ब्रेक पॉइंट (प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस भेदण्याची संधी) साधण्याचे प्रमाण एकेका स्पर्धेत इतके वर-खाली होते की त्यावर भाकीत उभारू नये. टेनिसमधील अंतर किती बारीक असते हे सांगताना फेडररने एकदा स्वतःचाच हिशेब मांडला होता: कारकिर्दीतील जवळपास ८० टक्के सामने जिंकूनही त्याने एकूण गुणांपैकी केवळ ५४ टक्के जिंकले होते.

परस्परांविरुद्धची कामगिरी मात्र जरूर तपासावी, कारण काही खेळाडूंची काही खेळाडूंपुढे डाळ शिजत नाही. २०२५ च्या उपांत्यपूर्व फेरीत जोकोविचने टेलर फ्रिट्झला हरवले तेव्हा दोघांमधील हिशेब ११-० झाला. घरच्या प्रेक्षकांचा पाठिंबा, तगडी सर्व्हिस आणि दहा वर्षांहून अधिक वयाचे अंतर यांपैकी काहीही फ्रिट्झच्या कामी आले नाही.

एवढे झाल्यावर नावांकडे यावे. अल्कराझ आणि सिनर यांना पहिल्या रांगेत वेगळे बसवणे योग्य ठरते, आणि त्या दोघांमध्ये निवड करताना खेळाची जात पाहावी. सिनर बेसलाइनला चिकटून दोन्ही बाजूंनी सपाट, वेगवान फटके मारतो आणि प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायलाही वेळ देत नाही. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनपासून त्याने हार्ड कोर्टवरील सलग तीन ग्रँड स्लॅम जिंकले. त्याचा पाया सातत्याचा आहे, म्हणून सुरुवातीच्या फेऱ्यांत तो घसरण्याची शक्यता कमी धरावी. अल्कराझजवळ फटक्यांची विविधता अधिक आहे: ड्रॉप शॉट, नेटकडे धाव, उंच उसळणारा फोरहँड. २०२५ मध्ये तो एकही सेट न गमावता अंतिम फेरीत आला आणि तिथे त्याने सिनरला ६-२, ३-६, ६-१, ६-४ असे हरवले. आपला खेळ फारच अंदाज बांधता येण्याजोगा झाला होता, अशी कबुली सिनरनेच सामन्यानंतर दिली. तेव्हा पुढच्या वेळी या दोघांविषयी लिहिताना सिनरने सर्व्हिसमध्ये आणि नेटवर येण्यात काय बदल केले आहेत, हा प्रश्न आधी सोडवावा. अल्कराझच्या बाबतीत पहिल्या तीन फेऱ्यांतील एकाग्रता पाहावी. त्याच्या २०२४ मधील पराभवाचे मूळ तिथेच होते.

जोकोविचने ही स्पर्धा चार वेळा जिंकली आहे: २०११, २०१५, २०१८ आणि २०२३. २०२५ मध्ये त्याने चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांची उपांत्य फेरी गाठली, पण एकाही स्पर्धेत तिच्यापुढे तो जाऊ शकला नाही. त्यामुळे त्याच्याविषयी लिहिताना उपांत्य फेरीपर्यंतची शक्यता आणि जेतेपदाची शक्यता हे दोन वेगळे आकडे मांडावेत. बाकीच्यांसाठी प्रत्येकी एकेक ओळ पुरते. अलेक्झांडर झ्वेरेव २०२० च्या अंतिम सामन्यात दोन सेटची आघाडी घेऊनही डॉमिनिक थीमकडून हरला, आणि निर्णायक क्षणी त्याची दुसरी सर्व्हिस टिकेल का, ही शंका तेव्हापासूनची आहे. डॅनिल मेदवेदेव २०२१ चा विजेता आहे, पण २०२५ मध्ये पहिल्याच फेरीत बाद झाला. शेल्टनची डावखुरी सर्व्हिस कोणालाही नकोशी असते, मात्र २०२५ मध्ये तिसऱ्या फेरीत खांद्याच्या दुखापतीने त्याला सामना सोडावा लागला, म्हणून त्याचा खांदा आधी तपासावा.

गतविजेत्याला आपोआप वरचढ ठरवण्याचा मोह टाळावा. पुरुष एकेरीत सलग दुसऱ्या वर्षी हे जेतेपद राखणारा शेवटचा खेळाडू फेडरर, आणि तेही २००८ मध्ये. तेव्हापासून २०२५ पर्यंत एकालाही ते जमलेले नाही.

लेखाचा आराखडा सिनसिनाटी संपताच करावा, मात्र अंदाज ड्रॉ निघेपर्यंत लिहू नयेत. प्रत्येक दावेदारापुढे ढोबळ टक्केवारी मांडावी आणि सर्वांची बेरीज शंभर होते का ते पाहावे. दोघांना प्रत्येकी साठ टक्के देऊन बसलेले लेख कमी नाहीत. “इतर” या रकान्यासाठीही काही राखून ठेवावे, कारण २००९ मध्ये हुआन मार्टिन डेल पोट्रो आणि २०१४ मध्ये मारिन चिलिच त्याच रकान्यातून आले होते. टक्केवारीखाली, कोणती बातमी आली तर ती बदलेल, हेही लिहावे: सरावात पोटरीला बांधलेली पट्टी, पहिल्या सामन्यात घसरलेला सर्व्हिसचा वेग, वेळापत्रकात आलेला सलग रात्रीचा सामना. पहिल्या दोन फेऱ्या झाल्या की हा कागद पुन्हा काढून आकडे नव्याने भरावेत.