विकसनशील देशाचं बिझनेस एन्व्हायर्नमेंट: प्रोजेक्टला बसण्याआधी हे वाचा

बीबीए असो, बीएमएस असो की बीकॉम, कधीतरी हा प्रोजेक्ट अंगावर येतोच. एक विकसनशील देश घ्या आणि तिथल्या बिझनेस एन्व्हायर्नमेंटवर रिपोर्ट करा. मग बहुतेक ग्रुप काय करतात, तर पेस्टलचे सहा रकाने (राजकीय, आर्थिक, सामाजिक, तंत्रज्ञान, पर्यावरण, लीगल म्हणजे कायदा), प्रत्येकात चार मुद्दे, जीडीपीचा एक ग्राफ, शेवटी स्वॉट (बलस्थानं, कमजोरी, संधी, धोके), जमलंच तर झेंड्याचा फोटो. पास व्हायला एवढं पुरतं, खोटं कशाला बोलू. पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, कुणी एक साधा प्रश्न विचारला की "या देशात एखाद्याने माल उधारीवर दिला आणि पैसे बुडाले तर तो नेमकं काय करतो?", की सहाही रकाने गप्प होतात.

देशाचा गट आधी ठरवून टाका, त्यावर जास्त वेळ घालवू नका. जागतिक व्यापार संघटनेत देश स्वतःच स्वतःला विकसनशील जाहीर करतो, आणि जागतिक बँक दरडोई उत्पन्नावरून देशांचे चार गट करते, दरवर्षी जुलैमध्ये यादी बदलते. तुम्ही कुठला निकष धरलाय ते पहिल्या पानावर एका ओळीत लिहा आणि पुढे चला.

आता मुख्य खड्डा. रँकिंग. मी यात पुरती अडकले होते म्हणून यावर जरा जास्तच बोलणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

जागतिक बँकेचं डूइंग बिझनेस रँकिंग, म्हणजे कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं याची क्रमवारी, जुन्या नोट्समध्ये, सिनियर्सच्या पीपीटीत, गाइडमध्ये अजूनही सगळीकडे सापडतं. भारत २०१५ च्या रिपोर्टमध्ये १४२ वा आणि २०२० च्या रिपोर्टमध्ये ६३ वा, ही उडी इतकी छान दिसते की स्लाइडवर टाकली की वाटतं अर्धा प्रोजेक्ट झाला. तर पहिली गोष्ट, हे रँकिंग बंद झालंय. २०१८ आणि २०२० च्या रिपोर्टच्या आकड्यांमध्ये गडबड सापडली, त्यात चीन, सौदी अरेबिया, यूएई, अझरबैजान यांची नावं आली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने तो रिपोर्ट कायमचा गुंडाळला. नंतर बी-रेडी नावाचा नवा रिपोर्ट सुरू झाला, पहिला २०२४ मध्ये, त्यात सुरुवातीला फक्त ५० देश होते. तेव्हा "ताजं रँकिंग" म्हणून जुनं डूइंग बिझनेस देऊ नका, परीक्षकाला माहीत असतं.

पण गडबड झालीच नसती तरी माझा मुद्दा तोच राहिला असता. ते मोजायचे कसं हे बघा ना. बहुतेक देशांत फक्त सगळ्यात मोठं व्यापारी शहर, आणि दहा कोटींच्या वर लोकसंख्या असलेल्या देशांत दोन शहरं. भारतासाठी मुंबई आणि दिल्ली, बस. त्या शहरात एक काल्पनिक कंपनी धरायची, तीही रीतसर नोंदणी झालेली लिमिटेड लायबिलिटीवाली (कर्ज बुडालं तरी मालकाची जबाबदारी गुंतवलेल्या पैशांपुरतीच), आणि वकील, अकाउंटंट अशा जाणकारांना विचारायचं की नियमाने अमुक काम करायला किती पायऱ्या, किती दिवस, किती खर्च. यात चूक काहीच नाही, पण हे नियमांचं मोजमाप झालं. आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, २०१८ च्या अहवालात जगातले ६१ टक्के कामगार अनौपचारिक रोजगारात आहेत, आफ्रिकेत तर जवळपास ८६ टक्के. म्हणजे ज्या माणसांच्या धंद्याबद्दल तुम्ही रिपोर्ट लिहिताय त्यातले कितीतरी जण त्या काल्पनिक कंपनीच्या आसपासही नाहीत, आणि आपण मात्र एका आकड्यावरून "व्यवसायपूरक वातावरण" असं लिहून मोकळे.

आणि सरासरीत काय काय लपतं! भारत ६३ वा आला त्याच २०२० च्या रिपोर्टमध्ये आत जाऊन बघा. बांधकाम परवान्यांमध्ये २७ वा, आणि कोर्टातून करार अंमलात आणण्यात १६३ वा, त्याला १४४५ दिवस, म्हणजे जवळजवळ चार वर्षं. आता ज्याचं बिल अडकलंय त्याला कुठला आकडा लागतो, ६३ की १६३? रँकिंग वापरायचंच असेल तर असं फोडून वापरा, एकूण नंबर विसरा.

यावर माझा उपाय एकच आहे, आणि तो ज्युनियर्सना मी इतक्यांदा सांगते की ते आता हसतात. देश नका पकडू, एक व्यवहार पकडा. कुठलीही एक इंडस्ट्री घ्या, त्यातला एक छोटा सप्लायर आणि एक मोठा खरेदीदार घ्या, आणि ऑर्डर मिळाल्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत काय काय होतं ते ओळीने लिहा. भांडवल कुणी दिलं, मालाची खात्री कुणी दिली, उधारी किती दिवसांची, भांडण झालं तर मध्ये कोण पडतं, टॅक्स कुठे लागतो. पेस्टलचे सगळे रकाने यातूनच भरतात, वर त्यांचा एकमेकांशी संबंधही दिसतो, जो एरवी कधीच दिसत नाही.

उदाहरण देते. भारतात एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा २००६ चा, छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही चक्रवाढ. कागदावर कडक कायदा आहे. लीगलच्या रकान्यात टाकला की टिकमार्क. पण तक्रार केली तर पैसे कदाचित मिळतील आणि पुढची ऑर्डर नक्की जाईल, म्हणून सप्लायर गप्प बसतो. मग सरकारने काय केलं, तर इन्कम टॅक्स कायद्यात ४३बी(एच) हे कलम आणलं, १ एप्रिल २०२४ पासून लागू. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. म्हणजे सप्लायरने तोंड उघडायची गरजच नाही, खरेदीदाराच्या टॅक्समध्येच चिमटा. आता यातही पळवाटा निघणार, ऑर्डर नोंदणी नसलेल्या सप्लायरकडे वळवता येते. हे सगळं लिहिलंत तर परीक्षक दोन मिनिटं थांबून वाचतो, "कायदा अस्तित्वात आहे" एवढंच लिहिलंत तर नाही.

थिअरीचा आधार हवा असेल तर हार्वर्डचे प्राध्यापक तरुण खन्ना आणि कृष्णा पालेपू यांची इन्स्टिट्यूशनल व्हॉइड्सची (संस्थांच्या पोकळ्यांची) कल्पना घ्या, १९९७ ची. थोडक्यात, बाजार चालायला ज्या मधल्या संस्था लागतात, म्हणजे क्रेडिटची माहिती, दर्जाची हमी, लवकर निकाल देणारं कोर्ट, त्या जिथे कमकुवत असतात तिथे ते काम दुसरं कुणीतरी करतं. मोठे उद्योगसमूह, नातेसंबंध, दलाल, एजंट. "भ्रष्टाचार आहे, पायाभूत सुविधा नाहीत" अशी रडगाणी लिहायच्या ऐवजी विचारा की हे काम इथे कोण करतंय आणि त्याचे किती घेतंय. एजंट म्हटलं की लगेच वाईट असंही धरू नका.

एम-पेसाची केस सगळे टाकतात, केनिया, मार्च २००७, सफारीकॉम ही मोबाइल कंपनी, मोबाइलवरून पैसे. आणि निष्कर्ष काय, तर "विकसनशील देशांत मोबाइल पेमेंट चालतं". अरे थांबा. तेच एम-पेसा २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत आणलं आणि २०१६ मध्ये बंद करावं लागलं. केनियात बँक खाती थोड्यांकडे, शहरात कमावणारे गावाकडे पैसे पाठवणारे भरपूर, रोख पैसे घेणाऱ्या-देणाऱ्या एजंटांचं जाळं दाट, आणि मध्यवर्ती बँकेने आधी चालू द्यायची भूमिका घेतली. दक्षिण आफ्रिकेत बँका आधीच खूप लोकांपर्यंत पोचलेल्या, नियमही कडक. दोन्ही देश विकसनशील, दोन्ही आफ्रिकेत. ही एक जोडी नीट मांडलीत तरी अर्धं काम होतं, उरलेल्या दहा केसेस नाही टाकल्या तरी चालतील, खरंच.

फील्डवर्क असेल तर घाबरू नका, माणसं बोलतात. फक्त "तुम्हाला काय अडचणी येतात?" असं विचारू नका, सगळे महागाई आणि सरकार एवढंच सांगतात. "शेवटच्या बिलाचे पैसे कधी आले?" असं विचारा, मग गप्पा थांबत नाहीत. टॅक्सचं पहिल्याच भेटीत काढू नका. बोलणाऱ्याचं नाव रिपोर्टमध्ये घालू नका, त्याने हो म्हटलं तरी.

मेंटॉरबद्दल माझं मत जरा तिखट आहे. गेस्ट लेक्चरला येऊन "रिस्क घ्या" सांगणाऱ्या उद्योजकापेक्षा बँकेत कर्जाच्या फायली बघितलेला माणूस किंवा कस्टम्सचं काम करणारा एजंट तुम्हाला तासाभरात जास्त शिकवेल. आणि "हाच देश घे, याचा डेटा तयार मिळतो" म्हणणाऱ्या गाइडचं ऐकायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मला तो सल्ला कधीच पटला नाही. एआयकडून पूर्ण रिपोर्ट लिहून घेणाऱ्यांना एवढंच, त्यात नेमका तोच गुळगुळीत पेस्टल येतो, आणि व्हायवात पकडले जाता.

हे वाचून वाटेल बापरे, केवढं काम. नाहीये एवढं. एक व्यवहार, एक कायदा, एक केसची जोडी, पंधरा-वीस पानांत आरामात बसतं, आणि मधल्या दोन आठवड्यांत काहीच सुचत नाहीसं होतं ते सगळ्यांचंच होतं, तेव्हा विषय बदलू नका. विषय बदलणारे ग्रुप शेवटी पेस्टलवरच येतात.

राहिलं चलन, हे जवळपास सगळे विसरतात. नायजेरियात जून २०२३ पर्यंत अधिकृत दर डॉलरला साधारण ४६० नायरा (तिथलं चलन) होता आणि समांतर, म्हणजे बँकांबाहेरच्या काळ्या बाजारात वेगळाच, बराच महाग. मग सरकारने दर बाजारावर मोकळा सोडला आणि २०२४ च्या सुरुवातीला तो १४०० च्या पुढे गेला. डिसेंबर २०२३ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने (साबण, डायपर असला घरगुती माल बनवणारी कंपनी) तिथलं उत्पादन बंद करून फक्त आयात करायचं जाहीर केलं, कारण नायरात कमवून डॉलरचा हिशोब जुळवणं जड जात होतं. आता अशा देशाची पाच वर्षांची विक्री तुम्ही डॉलरमध्ये एका ग्राफवर काढलीत तर धंदा कोसळलेला दिसेल आणि नायरात काढलीत तर तोच धंदा जोरात वाढलेला दिसेल. दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी द्या, खाली साल, चलन आणि कुठला दर धरला ते लिहा, अधिकृत की समांतर.