मिग वेल्डरवर ॲल्युमिनियम: वायरचा गुंता कसा सुटला

मिग वेल्डरमध्ये वितळून जोड भरणारी वायर मशीनच पुढे सरकवतं. ॲल्युमिनियम जोडताना ट्रिगर दाबला की ड्राइव्ह रोलरपाशी (वायर ढकलणाऱ्या चाकापाशी) तिचा गुंता व्हायचा, नाहीतर वायर टॉर्चच्या, म्हणजे हातातल्या वेल्डिंग गनच्या, तोंडाशी असलेल्या टिपलाच चिकटायची. ॲल्युमिनियमची वायर मऊ असते. स्टीलसाठीचा व्ही खाचेचा रोलर तिला चेपतो आणि चेपलेली वायर लायनरमध्ये, म्हणजे केबलच्या आतल्या नळीत, अडते. म्हणून यू खाचेचा रोलर, टेफ्लॉनचा लायनर आणि किंचित मोठ्या भोकाची टिप बसवली. रोलरचा दाब वायर घसरणार नाही इतपतच ठेवला, टॉर्चची केबल सरळ. वायर ४०४३ ऐवजी ५३५६ (हे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे क्रमांक) घेतली, जरा कडक असल्याने ती बरी सरकते. (बारीक वायर असेल तर सरळ स्पूल गन, म्हणजे वायरचं रीळ गनवरच असलेली टॉर्च, घ्यावी.)

गॅस शुद्ध आर्गॉन, मिनिटाला साधारण १५ लिटर. स्टीलचा सीओटू मिसळलेला सिलिंडर इथे चालतच नाही.

आधी ॲसिटोनने तेल काढायचं, ते पूर्ण उडू द्यायचं, मग स्टेनलेसचा वेगळा ब्रश. वरचा ऑक्साइड २००० अंशांच्या वर वितळतो, खालचा धातू ६६० ला, त्यामुळे घासण्यात कुचराई नको. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तर अजिबात नको, आर्कमुळे त्याचा विषारी फॉस्जीन होतो.

टॉर्च १० ते १५ अंश कलवून पुढे ढकलायची. ओढली की जोडावर काजळी धरते. पत्रा तापत जातो, तसा शेवटाकडे हात भरभर न्यायचा, नाहीतर भोक ठरलेलं.