पपईचा चीक : परतीच्या पावसापासून संक्रांतीपर्यंत काय करावं

मटण निबर निघालं की घरातली जाणती बाई कच्च्या पपईचा कीस चोळून ते तासभर झाकून ठेवते. चुलीवर जाण्याआधीच मांस निम्मं मऊ झालेलं असतं. ही करामत पपईच्या पांढऱ्या चिकातल्या पपेनची. पपेन म्हणजे प्रथिनांची लांब साखळी तोडणारं विकर; कारखान्यात त्यालाच एन्झाइम म्हणतात. बिअर, चामडं, रेशीम, पाचक गोळ्या, प्रथिनांची पावडर अशा कितीतरी ठिकाणी ते लागतं, आणि त्याचा कच्चा माल झाडाच्या फळावरच तयार होतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेल्या बागांतली पहिली फळं साधारण दसऱ्याच्या सुमारास चीक काढण्याजोगी होतात. पाऊस उघडलेला असतो, हवेत अजून ओलावा असतो, थंडी पडायला अवकाश असतो. चीक भरपूर वाहतो तो याच दिवसांत. डिसेंबरच्या मध्यानंतर खानदेशात पारा घसरला की चिकाची धार बारीक होते, आणि उन्हाळ्यात पाण्याचा ताण बसला तरी तेच होतं. म्हणून वर्षभराच्या कमाईतला मोठा हिस्सा पुढच्या दोन-अडीच महिन्यांत ठरतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण ती कळायला मला एक हंगाम घालवावा लागला. पपेनचा खरेदीदार वजनाला पैसे देत नाही, जोराला देतो. प्रथिन तोडण्याची ताकद प्रयोगशाळेत मोजतात. टायरोसिन युनिट, बोलीत टीयू, हे तिचं माप. पहिल्या वर्षी मी चीक लोखंडी घमेल्यात गोळा केला आणि पत्र्यावर पसरून दोन दिवस उन्हात वाळवला. माल भुरकट तपकिरी झाला. वजन छान भरलं होतं. तपासणीचा कागद आला तेव्हा जोर अपेक्षेच्या निम्म्याहून कमी निघाला आणि भावही तसाच मिळाला. खरेदीदाराला दोष द्यायला जागा नव्हती.

असं का होतं, ते थोडं समजून घ्या. पपेनच्या रेणूत ज्या जागी प्रथिन तोडलं जातं, तिथे गंधकाचा अणू असतो. हवेतल्या ऑक्सिजनने तो जळतो, लोखंड आणि तांबं त्याला बांधून टाकतात, जास्त उष्णतेने अख्खा रेणू मोडतो. चीक बाहेर आला की घड्याळ सुरू झालं. पुढची सगळी कामं या गंधकाच्या अणूला जपण्यासाठी आहेत.

फळ कोणतं घ्यायचं? फळधारणेपासून ७० ते १०० दिवसांचं, पूर्ण वाढलेलं, गर्द हिरवं. सालीवर पिवळी रेघ उमटली की त्या फळाचा चीक आटत आलेला असतो, ते सोडा. कोवळ्या फळाला घाई करू नका, चीक पातळ येतो आणि फळाची वाढ बसते.

कामाला उजाडता उजाडता लागा आणि दहाच्या आत आवरा. रात्रभरात झाडात पाण्याचा दाब भरलेला असतो, त्यामुळे सकाळी चीक जोरात येतो. ऊन चढलं की चिरेतच गोठतो. आदल्या दिवशी ठिबक चालवून ठेवलं तर फरक दिसतो. रात्री परतीच्या पावसाची सर येऊन गेली असेल तर त्या दिवशी सुट्टी घ्या. ओल्या फळावरचा चीक पाण्यासारखा होतो आणि ओल्या चिरेतून करपा शिरतो.

चिरा देठाकडून टोकाकडे उभ्या द्यायच्या, तीन किंवा चार, खोली तीन मिलिमीटर. एवढी खोली हाताला बसेपर्यंत एक युक्ती करा: स्टेनलेस स्टीलचं पातं लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीत असं बसवा की टोक तीन मिलिमीटरच बाहेर राहील. बांबूची धारदार काठीही चालते. चीर खोल गेली की गराचा रस चिकात मिसळतो, मालाचा दर्जा उतरतो आणि ते फळ आठवड्यात सडतं. मजूर नवीन असेल तर पहिले दोन दिवस त्याच्या मागे उभे राहा. या कामात वेग नंतर येतो, हात आधी बसावा लागतो.

चीक पाच-सहा मिनिटं ठिबकतो आणि मग थांबतो. खाली ॲल्युमिनियमचा ट्रे किंवा जाड प्लास्टिकचा कागद धरा. आफ्रिकेत उलट्या छत्रीसारखी झोळी खोडाला बांधतात, ती आपल्याकडेही शिवून घेता येते. लोखंड, पितळ, तांब्याचं भांडं शिवारातही नेऊ नका. फळावर गोठलेला चीक खरवडून घ्या, पण सालीचे तुकडे आणि माती येऊ देऊ नका. तीन-चार दिवसांनी त्याच फळावर जुन्या चिरांच्या मधल्या कोऱ्या जागेत पुन्हा चिरा द्या. असं चार वेळा होतं. दर वेळी चीक कमी होत जातो. चौथ्या खेपेला मजुरी सुटते का, हे ज्याने त्याने आपल्या बागेत बघावं. माझ्याकडे कधी सुटते, कधी नाही.

हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. मांस मऊ करणारं द्रव्य माणसाच्या कातडीला वेगळं समजत नाही. बोटांच्या बेचक्या सोलून निघतात, डोळ्यात थेंब गेला तर दवाखाना गाठावा लागतो. वाळलेल्या पावडरीची धूळ त्याहून वाईट, कारण ती श्वासात जाऊन दमा जडवते. कुटताना आणि चाळताना नाकावर नुसता रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लावा. हे काम बहुतेक ठिकाणी बायकांकडे असतं आणि मास्क मात्र मालकाच्या खिशात असतो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता वाळवण. ओल्या चिकात पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणीच असतं. चार-पाच किलोचा एक किलो होतो. गोळा केलेला चीक त्याच सकाळी सावलीत आणा आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मिसळा, प्रमाण ०.०५ टक्के, म्हणजे १० किलो चिकाला ५ ग्रॅम. सरबत टिकवायला वापरतात तेच हे. ऑक्सिजनला ते स्वतः भिडतं आणि पपेन वाचतं. मग ५० मेशच्या (इंचाला ५० छिद्रांच्या) स्टीलच्या किंवा नायलॉनच्या चाळणीतून चीक गाळा, ट्रेमध्ये पातळ पसरा आणि ५० ते ५५ अंशांवर वाळवा. उन्हातही चीक वाळतो, पण रंग जातो आणि त्याबरोबर जोरही. तुमच्या शेतकरी गटाकडे केळी किंवा कांदा वाळवायचा ट्रे ड्रायर असेल तर तो बोलून ठेवा. तापमान दाखवणारा काटा बरोबर चालतो का, हे आधी साध्या थर्मामीटरने पडताळा. बोटाने दाबल्यावर पापुद्रा कुडकुडत तुटला म्हणजे माल वाळला. मग कुटून, चाळून, जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करायचा आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवायचा. भाव वाढेल म्हणून महिनोन्‌महिने साठवू नका. हा माल हरभरा नव्हे, पोत्यात पडून त्याचा जोर उतरत जातो.

घरच्या घरी जोर ताडायचा एक जुना मार्ग आहे. पपेनने दूध फाटतं. दोन वाट्यांत सारखंच कोमट दूध घ्या, दोन वेगवेगळ्या दिवसांच्या मालाची सारखीच चिमूट सारख्याच पाण्यात कालवून एकेका वाटीत घाला आणि घड्याळ लावा. आधी फाटलं तो माल सरस. यातून टीयूचा आकडा मिळत नाही, पण ड्रायरचं तापमान कुठल्या दिवशी चुकलं ते लगेच कळतं.

वजन वाढवायला पीठ मिसळण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आयोडीनचा एक थेंब पडला की पिठाचा माल निळा होतो, आणि खरेदीदाराला हे कोणी शिकवावं लागत नाही.

या दिवसांतल्या फवारण्या बेताने करा. चीक अन्नात आणि औषधात जाणार आहे, त्यामुळे काढणी चालू असलेल्या ओळींत कीटकनाशक नकोच. बोर्डो मिश्रण फळांवर उडू देऊ नका. त्यात तांबं आहे. पिठ्या ढेकणाचे पांढरे पुंजके दिसले तर आधी ते पान खुडून नष्ट करा. हा ढेकूण भारतात २००८ मध्ये कोईमतूरला पहिल्यांदा नोंदला गेला आणि २०१० मध्ये त्याच्यावर जगणारी बारीक गांधीलमाशी पोर्टो रिकोहून आणली गेली. ही माशी बागेत असेल तर ती आपलं काम करते, जहाल फवारा मात्र आधी तिलाच मारतो. रिंग स्पॉट विषाणूने पानं चिंबलेली, देठावर तेलकट रेघा असलेली झाडं उपटून बागेबाहेर न्या. मावा ही कीड हा विषाणू पसरवते आणि ती काकडी-भोपळ्यावरही वाढते, म्हणून शेजारी ते वेल नकोत.

हा चीक जातो कुठे, असं बरेच जण विचारतात. बिअर थंड केली की जवातली प्रथिनं आणि टॅनिन एकत्र येऊन ती गढूळ होते. प्रथिनं आधीच तोडली तर ती नितळ राहते. लिओ वॉलरस्टाईन यांनी अमेरिकेत १९११ मध्ये याचं पेटंट घेतलं. चामडं मऊ करायला पूर्वी चक्क कुत्र्याची विष्ठा आणि कबुतरांची शीट वापरत, कारण त्यातही प्रथिन तोडणारी विकरं असतात. त्या मानाने आपला चीक सोवळाच म्हणायचा. पण मागणी कायमची धरू नका. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जखमेवर लावायची, मान्यता न घेतलेली पपेनची मलमं बाजारातून काढायला लावली. बिअर आणि चामड्याच्या धंद्यात टाक्यांमध्ये जिवाणू आणि बुरशी वाढवून काढलेली विकरं पपेनशी स्पर्धा करतात. टाकीला थंडी बाधत नाही आणि रिंग स्पॉटही.

चीक काढून झालेल्या फळावर काळ्या रेघा उमटतात आणि फळबाजारात त्याला कोणी विचारत नाही, पण गर शाबूत असतो. कच्ची असतील तर टुटी-फ्रुटीवाल्याला द्या, कारण केकमधले ते लाल-हिरवे चौकोन कच्च्या पपईचेच असतात. पिकली तर जॅमला जातात. हा दुसरा गिऱ्हाईक आधी ठरलेला नसेल तर बांधावर सडक्या फळांचा ढीग पडतो आणि हिशेब तोट्यात जातो.

आपल्याकडे नंदुरबार, धुळे, जळगावात बहुतेक बागा तैवान ७८६ च्या आहेत. ती खायची पपई. चांगला भाव असताना तिला चिरा पाडणं म्हणजे नुकसान ओढवून घेणं. चिकासाठी तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या जाती बघा. सीओ-२ मध्ये एका फळातून ४ ते ६ ग्रॅम वाळलेलं पपेन मिळतं, सीओ-५ मध्ये १४ ते १५ ग्रॅम, सीओ-६ मध्ये सात-आठ ग्रॅम. हे आकडे विद्यापीठाच्या देखभालीतले. आपल्या रानाचा हिशेब मांडताना मी ते निम्मे धरतो. या जातींत नर-मादी झाडं वेगळी असतात, तेव्हा खड्ड्यात दोन-तीन रोपं लावून फुलं आल्यावर निवड करायची आणि दर १५-२० माद्यांमागे एक नर ठेवायचा.

फेब्रुवारीत लावायचं असेल तर थंडीत उगवण रेंगाळते हे धरून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बी पिशव्यांत पडायला हवं. बी मागवण्याआधी खरेदीदाराला गाठून इतकं लिहून घ्या: ओला चीक घेणार की वाळलेला, किमान किती टीयू, त्याखाली भाव कसा कापणार, तपासणी कोण करणार आणि पैसे किती दिवसांत. प्रत्येक खेपेचा नमुना दोन पिशव्यांत, दोघांच्या सह्यांनिशी बंद करा. एक त्याच्याकडे, एक तुमच्याकडे, फ्रीजमध्ये.