मुंबई दाखवताना या चुका टाळा

गावाहून पाहुणे आले की घरोघरी तोच बेत ठरतो: सकाळी घारापुरीची लेणी, दुपारी सीएसएमटी स्टेशन, मधेच मासळीचं जेवण आणि संध्याकाळी कुंभारवाड्यात खरेदी. एका दिवसात एवढं कोंबलं की धड काहीच बघून होत नाही. त्यापेक्षा दोनच ठिकाणं निवडा आणि निवांत बघा.

आधी वार तपासा. लोक शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकतात आणि नेमके त्याच दिवशी घारापुरीला निघतात. सोमवारी घारापुरी बंद, कान्हेरीची लेणीही बंद. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं.

घारापुरीला सकाळची बोट धरा. गेटवेहून तासभर लागतो, वर शंभराहून जास्त पायऱ्या. बरेच जण सदाशिवाच्या, म्हणजे तीन मुखांच्या शिवाच्या, सुमारे २० फुटी मूर्तीपुढे फोटो काढतात आणि लगेच मागे फिरतात. असं करू नका. उन्हातून आत आल्यावर डोळे अंधाराला सरावू द्या, मग तिन्ही मुखं वेगवेगळी दिसायला लागतात: आपल्या डावीकडचं उग्र, मिशीवालं, उजवीकडचं कोवळं, हातात कमळ धरलेलं, मधलं अगदी शांत. शेजारीच एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. निम्मे लोक तिकडे वळतही नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

सीएसएमटी फक्त रात्रीच्या रोषणाईत बघू नका. दिवसा फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ नीट दिसतात; सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा.

मासळीची गोष्ट वेगळी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत ताज्या पापलेटाचा हट्ट धरू नका. सुक्या बोंबलाचं कालवण किंवा जवळ्याची (सुकवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी मागवा. पावसाळ्यात इथली घरंही तेच जेवतात.

धारावीच्या कुंभारवाड्यात मात्र वेळ काढून जा. इथली बरीच कुटुंबं मूळची सौराष्ट्रातली, पिढ्यान्‌पिढ्या चाकावर बसलेली. माठ नुसता रंग बघून घेऊ नका. बोटाच्या पेराने टिचकी मारा: खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. बाहेरून ऑइलपेंट दिलेला माठ शोभेला ठीक, पाण्याला नको. पेंटने छिद्रं बुजतात, पाणी झिरपत नाही आणि गारही होत नाही. आणि मातीत हात घालून दिवस काढणाऱ्या माणसाशी पाच-दहा रुपयांसाठी हुज्जत घालू नका.

घरी आणल्यावर दोन तक्रारी हमखास येतात. पणती तेल पिते: नवी पणती काही तास पाण्यात बुडवून ठेवा, सुकवा, मग तेल घाला. माठातलं पाणी गार होत नाही: माठ कोपऱ्यात कोंडलेला असेल तर वाऱ्याला ठेवा आणि बाहेरून काथ्याने घासा. साबण लावू नका, माती तो शोषून घेते आणि पाण्याला वास येतो.