पीआरसी येतेय? मग शाल-श्रीफळाच्या आधी रिक्त पदांचा तक्ता जुळवा

पंचायत राज समितीच्या (पीआरसी, म्हणजे झेडपी आणि पंचायत समित्यांचा कारभार तपासणारी विधिमंडळातल्या आमदारांची समिती) दौऱ्याचं पत्र आलं की आपल्याकडे पहिली धावपळ कशाची, तर रेस्ट हाऊस कुठलं, गाड्या किती, जेवणाचं कोण बघणार याची, आणि समितीला द्यायची माहितीची पुस्तिका मात्र आदल्या रात्री बाइंडिंगला जाते, तीही अर्धी पानं उलटी लागलेली. हे उलटं करायला पाहिजे म्हणून हे लिहितोय. ठाणे झेडपी आणि शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ या पाच पंचायत समित्यांमधल्या आस्थापना आणि लेखा टेबलवाल्यांसाठी मुख्यतः, पण बेलापूरला कोकण भवनात बसणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी समिती कुठली ते नीट वाचा, कारण तिन्हींची भूक वेगवेगळी असते. लोकलेखा समिती कॅगचा अहवाल हातात धरून झालेल्या खर्चाचा हिशोब मागते, अंदाज समिती बजेटमधल्या पैशात काटकसर कुठे झाली असती ते बघते, आणि आपली पीआरसी स्थानिक निधी लेखाचा (आपल्या हिशोबांचं ऑडिट करणारं सरकारी खातं) पुनर्विलोकन अहवाल आणि आपला स्वतःचा वार्षिक प्रशासन अहवाल यावर चालते. हा प्रशासन अहवाल आपण कोणी वाचत नाही, पण समिती वाचते, तेव्हा समिती जे वर्ष तपासणार त्या वर्षाच्या अहवालात आपल्याच खात्याने काय छापलंय ते आज काढून बघा, तिथला आकडा आणि तुमच्या आजच्या उत्तरातला आकडा वेगळा निघाला की तिथेच अर्धा तास जातो.

काही नवीन पोरं विचारतात की एवढं टेन्शन कशाला, आमदार येणार, चहा पिणार, जाणार. तसं नाहीये. सभागृहात सगळ्या खात्यांच्या मागण्यांवर (बजेटमधून मागितलेल्या रकमांवर) बोलायला वेळच नसतो, दिल्लीत लोकसभेतही शेवटच्या दिवशी उरलेल्या मागण्या चर्चा न होता एकगठ्ठा मंजूर होतात, त्याला गिलोटिन म्हणतात. म्हणून तर संसदेत 1993 साली खात्यांशी जोडलेल्या स्थायी समित्या काढल्या, आज त्या 24 आहेत, प्रत्येकीत 31 खासदार, आणि बजेटनंतर मधल्या सुट्टीत प्रत्येक खात्याच्या मागण्या त्या बघतात. माणसं किती, पैसा किती, काम किती, हे निवांत बसून विचारायची जागा म्हणजे समितीच, मग ती दिल्लीतली असो नाहीतर आपल्या विधिमंडळाची.

आता मुख्य काम. पदांचा तक्ता. मंजूर, भरलेली, रिक्त, एवढे तीन कॉलम करून पाठवू नका प्लीज. आकृतीबंधाप्रमाणे (कुठली पदं किती हे ठरवणारा सरकारी आराखडा) मंजूर, प्रत्यक्ष भरलेली, त्यातली प्रतिनियुक्तीवर किती, कामगिरीवर दुसरीकडे किती, निलंबित किती, दीर्घ रजेवर किती, आणि मग खरोखर टेबलावर किती, असे कॉलम पाहिजेत. सरळसेवेच्या आणि पदोन्नतीच्या रिक्त जागा वेगळ्या, कारण पहिल्या भरतीशिवाय भरत नाहीत पण पदोन्नतीच्या जागा आपल्याच हातात असतात आणि समितीचा पुढचा प्रश्न हमखास तोच असतो की मग डीपीसी (पदोन्नती ठरवणाऱ्या समितीची बैठक) कधी घेतली. एनएचएमचे (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी, बाह्यस्रोतावरचे डाटा एंट्रीवाले, मानधनावरच्या अंगणवाडी ताई, आशा ताई यांना भरलेल्या पदांत मिसळू नका, खाली वेगळा तक्ता करा.

शिक्षकांचं तर वेगळंच प्रकरण. तिथे मंजूर पदं संचमान्यतेवरून (कुठल्या शाळेला किती शिक्षक याची मान्यता) येतात आणि संचमान्यता पटावरून दरवर्षी हलते, त्यामुळे शिक्षण विभाग एका वर्षाची धरतो, सामान्य प्रशासन दुसऱ्या वर्षाची, आणि एकाच पुस्तिकेत पान पालटलं की शिक्षक वाढलेले दिसतात. कुठली संचमान्यता आणि किती तारखेअखेर, हे तक्त्याच्या डोक्यावर लिहा. 31 मार्चअखेर की आजअखेर, एकच काहीतरी, सगळ्या विभागांना तीच तारीख. मला विचाराल तर अख्ख्या तयारीत एवढं एकच काम जमलं तरी पुष्कळ झालं, कारण रिक्त जागा आहेत म्हणून कोणी कोणाला फासावर देत नाही, त्या आहेतच आणि समितीलाही ठाऊक आहेत, चिडतात ते तीन टेबलांवरून तीन आकडे आल्यावर.

शहापूर पूर्ण आणि मुरबाड, भिवंडीचा काही भाग पेसात (आदिवासी अनुसूचित क्षेत्राचा कायदा) येतो, तिथल्या जागा वेगळ्या दाखवा, पेसाच्या 17 संवर्गांपैकी आपल्याकडे कुठले आणि त्यात आज कोण काम करतंय हे तोंडपाठ पाहिजे. बिंदुनामावली (कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं याची नोंदवही) मावककडून (कोकण भवनातला मागासवर्ग कक्ष) तपासून आणलीय का ते आजच बघा. नसेल तर कोणाला तरी ठाण्याहून पनवेल लोकल पकडून कोकण भवनात फाईल घेऊन बसावं लागणार, आणि तिथे एका फेरीत काम होईल अशी अपेक्षा ठेवू नका, सेवापुस्तकांच्या झेरॉक्ससकट जा.

पदं जुळली की पगार. सेवार्थ आणि शालार्थमधून (कर्मचाऱ्यांच्या आणि शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणाली) मार्चच्या बिलातली डोकी काढा आणि तक्त्यातल्या भरलेल्या पदांशी ताडून बघा. फरक येणारच, निलंबित असतात, बदलीवाल्याचं शेवटचं वेतन प्रमाणपत्र यायचं असतं, पण तो फरक नावानिशी मांडता आला पाहिजे. आणि दुसरं, रिक्त जागांचा पगार बजेटमध्ये धरला होता का? धरला असेल तर तो पैसा वर्षअखेरीला समर्पित केला, म्हणजे सरकारला परत केला, की नाही, केला तर कुठल्या महिन्यात? 31 मार्चला संध्याकाळी परत केलेला पैसा कोणाच्याच उपयोगाचा नसतो हे समितीला आपल्यापेक्षा जास्त कळतं. मूळ अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च, तिन्ही शेजारी शेजारी ठेवा, तीन वर्षांचे ठेवले तर उत्तमच.

लेखापरीक्षणाचे परिच्छेद, म्हणजे ऑडिटचे आक्षेप. कॅफोंच्या (झेडपीचे मुख्य लेखा व वित्त अधिकारी) ऑफिसला यादी असते, विभागांना पत्ता नसतो, हा जुना रोग. प्रत्येक प्रलंबित परिच्छेदाला एक पान: आक्षेप काय, रक्कम किती, जबाबदार कोण, तो आता कुठे आहे की निवृत्त झाला, वसुली किती झाली, अनुपालन (आक्षेपाचं उत्तर) कधी पाठवलं. ‘कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य पुस्तिकेतून शोधून शोधून काढून टाका, त्याच्या जागी शेवटच्या पत्राचा जावक नंबर आणि तारीख टाका. नसेल पत्र पाठवलं तर दौऱ्याच्या आदल्या आठवड्यातलं एखादं पत्र मागची तारीख टाकून घुसवायचा मोह होईल, करू नका, जावक रजिस्टर मागवतात.

अखर्चित निधीचं पण तसंच, योजनानिहाय, वर्षनिहाय, आणि बँकेत पडून असलेला किती. व्याज वेगळं. आणि पाण्याचा विषय निघणार हे धरूनच चला. तानसा, वैतरणा, भातसा, मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर पट्ट्यात आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यात पाड्यांवर टँकर, हा प्रश्न कुठलाही आमदार सोडणार नाही, विचारायलाच पाहिजे. जलजीवनच्या कामांची यादी करताना भौतिक प्रगती टक्क्यांत लिहून सुटू नका, नळाला पाणी येतंय की नाही असा साधा कॉलम घाला. टँकरवरचा खर्च पण त्याच पानावर असू दे, दोन्ही एकत्र बघितले की कळतं काय चाललंय ते.

क्षेत्रभेटीचं थोडक्यात सांगतो. समिती गट पाडून जाते, ठरलेल्या गावाला जाईलच असं नाही, वाटेत कुठलीही शाळा, पीएचसी, ग्रामपंचायत दिसली की गाडी थांबू शकते. म्हणून एकच गाव चुन्याने रंगवून ठेवण्यात अर्थ नाही. सगळीकडे हजेरीपट, हालचाल रजिस्टर, औषधसाठा, पोषण आहाराचा तांदूळ, कॅशबुक, एवढं अद्ययावत पाहिजे. कामगिरीवर गेलेल्या शिक्षकाचा आदेश शाळेतच असू दे, नाहीतर मुख्याध्यापक बिचारे सांगतात ‘सर पंचायत समितीत आहेत’ आणि आपल्या तक्त्यात ते वर्गात असतात.

साक्षीच्या दिवशी खातेप्रमुखांच्या मागे एकच माणूस, फाईली माहीत असलेला. पाच जण एकदम चिठ्ठ्या सरकवायला लागले की साहेबांचा गोंधळ होतो. माहीत नसेल तर ‘माहिती घेऊन सादर करतो’ म्हणावं, अंदाजे आकडा फेकू नये, तो नोंदला जातो, आणि चुकीची माहिती दिली म्हणून हक्कभंगापर्यंत गोष्ट जाऊ शकते. आत काय झालं ते बाहेर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, अहवाल सभागृहात मांडेपर्यंत कामकाज गोपनीय असतं. आणि हो, पाहुणचारासाठी वर्गणी काढू असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, कितीही सिनियर असो.

दौरा संपला की सगळे गळून घरी जातात, तिथेच घात होतो. त्याच संध्याकाळी बसून, साहेबांनी आत काय काय द्यायचं कबूल केलं त्याची यादी करा, कोणी द्यायचं आणि कधीपर्यंत ते पुढे लिहा, सीईओंची सही घेऊन विभागांना वाटा. कारण नंतर मुंबईत ग्रामविकासच्या सचिवांची साक्ष लागते आणि तिथे आपलीच आश्वासनं त्यांना वाचून दाखवतात. माहिती पाठवाल ती ग्रामविकास विभागामार्फत पाठवा, विधिमंडळ सचिवालयाला प्रत द्या, आणि पोच घेऊन फाईलला लावा, पुढच्या खेपेला त्या टेबलावर तुम्ही नसणार.